डाउनलोड केलेली गाणी गेली कुठे?

वाचकाचं पत्र

“गेलं वर्षभर मी मुलीनं घेऊन दिलेल्या सबस्क्रिप्शनवर गाणी ऐकतेय. निवृत्तीनंतरचा माझा बहुतेक वेळ त्यातच जातो. सहा-सातशे गाणी एकेक निवडून डाउनलोड करून ठेवली होती. मागच्या महिन्यात लांबच्या प्रवासाला निघाले आणि गाडीत फोन उघडला तर एकही गाणं वाजेना. सगळी नावं करड्या अक्षरांत. मुदत संपली होती आणि कार्ड बदलल्यामुळे पुढचे पैसे गेलेच नव्हते. पण मी तर गाणी डाउनलोड केली होती ना? मुलगी म्हणते, पैसे भर, सगळी परत येतील. भाऊ म्हणतो, ही सेवाच सोड, दुसऱ्या कंपनीचा आवाज कितीतरी सरस आहे. मला मात्र वाटतं, हे सगळं बंद करून सरळ गाणी विकत घ्यावीत. घरात कपाट भरून सीडी आहेत. त्यातल्या काहींची गाणी मी पूर्वी संगणकावर एमपी३ करून ठेवली आहेत. आवराआवरीत त्या सीडी कुणाला देऊन टाकू का? कोणती सेवा घेऊ?
— एक श्रोती”

ताई, सप्रेम नमस्कार.

मुलगी म्हणते ते खरं आहे. पैसे भरलेत की गाणी परत वाजू लागतील. फार तर काही पुन्हा डाउनलोड करावी लागतील. तुम्ही निवडलेल्या गाण्यांची यादी फोनमध्ये नसते, ती कंपनीकडे तुमच्या खात्यावर जमा असते. तेव्हा वर्षभराची निवड वाया गेली असं समजू नका. पण तुमची चिडचिड अगदी रास्त आहे. पैसे घेताना हा भाग कुणीही ठळक अक्षरांत सांगत नाही, आणि तो कळतो नेमका प्रवासात, जिथे काहीच करता येत नाही.

सबस्क्रिप्शनवर उतरवलेलं गाणं फोनच्या मेमरीत येतं, पण कुलूपबंद. ते त्याच ॲपला उघडता येतं, आणि ते ॲप अधूनमधून कंपनीकडे विचारणा करतं की या खात्याचे पैसे चालू आहेत ना. स्पॉटिफायचा नियम असा, की ३० दिवसांतून एकदा तरी ॲप इंटरनेटला जोडलं गेलं पाहिजे. नाहीतर पैसे भरलेले असूनही उतरवलेली गाणी बंद होतात. शिवाय एका उपकरणावर जास्तीत जास्त १०,००० गाणी आणि अशी ५ उपकरणं, ही मर्यादा. ॲपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक, ॲमेझॉन म्युझिक, टायडल यांचे तपशील वेगवेगळे, पण पैसे तुम्ही भरता ते ऐकण्याच्या परवान्याचे, हे सगळीकडे सारखंच.

विकत घेतलेल्या फाइलची गोष्ट निराळी. ॲपलचं आयट्यून्स स्टोअर २००३ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे विकल्या जाणाऱ्या गाण्यांनाही कुलूप होतं. २००९ मध्ये ते निघालं. आज तिथून, बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावरून किंवा कोबझ या संगीतसेवेच्या दुकानातून घेतलेली फाइल तुमच्या संगणकावर उतरते, पेन ड्राइव्हवर टाकता येते, आणि विकणारी कंपनी उद्या बंद पडली तरी वाजत राहते. कुलूप असलेली फाइल विकत घेतली तर काय होतं, हे २००८ साली दिसलं. मायक्रोसॉफ्टनं आपलं एमएसएन म्युझिक हे दुकान आधीच गुंडाळलं होतं. त्या वर्षी ग्राहकांना कळवलं की विकलेल्या गाण्यांचे परवाने देणारे सर्व्हरही बंद होणार. पूर्ण पैसे मोजून घेतलेलं गाणं नव्या संगणकावर नेण्याची वाटच बंद. ओरड झाल्यावर मुदत २०११ पर्यंत वाढवावी लागली. म्हणून फाइल घेताना एवढं एकच बघा, की ती एमपी३, एएसी, फ्लॅक (हा आवाजातलं काहीही न गाळता साठवणारा प्रकार) अशा उघड्या स्वरूपात मिळतेय का. ॲपमध्येच वाजणारी असेल तर ती विकत घेतलेली नव्हे.

मधला मार्गही एकेकाळी होता. मायक्रोसॉफ्टच्याच झून पास या वर्गणीत २००८ पासून काही वर्षं दर महिन्याला १० गाणी कायमची ठेवून घेता येत असत. इम्यूझिकवर महिन्याची वर्गणी भरून ठरावीक गाणी उतरवून घ्यायची, ती आपली. मला ही पद्धत आजही सर्वांत न्याय्य वाटते आणि मोठ्या सेवांनी ती सोडून दिली याचं मनापासून वाईट वाटतं. तिच्या थोडी जवळ जाणारी योजना आज कोबझची आहे, सब्लाइम नावाची. तीत ऐकण्याच्या वर्गणीबरोबर फाइल विकत घेताना सवलत मिळते. कोबझ सगळ्या देशांत मिळत नाही, तेव्हा आधी तेवढं तपासून घ्या.

आता तुमचा खरा प्रश्न, सबस्क्रिप्शन की खरेदी. माझं म्हणणं, दोन्ही. पण दोघांना वेगळी कामं द्या. शोधायला, चाखून बघायला, कुणी सुचवलेलं लगेच लावायला सबस्क्रिप्शनसारखं दुसरं काही नाही. ते सोडून सगळी सहाशे गाणी विकत घ्यायला निघालात तर खर्च तर होईलच, शिवाय त्यातली निम्मी वर्षभरात पुन्हा लावणारही नाही. उलट जी ध्वनिमुद्रणं नसली तर तुम्हाला चैन पडणार नाही, ती भाड्यावर ठेवू नका. ती कोणती, हे आज बसून ठरवायची गरज नाही. वर्षभर झालं तरी जी गाणी तुम्ही आपणहून लावता, सुचवली म्हणून नव्हे, ती हळूहळू विकत घ्या. यादी लहानच निघेल.

हे सांगतोय ते केवळ तुमचे पैसे चुकले म्हणून नाही. पैसे वेळेवर भरूनही गाणी जातात. कलाकार किंवा ध्वनिमुद्रण कंपनी यांचा सेवेशी असलेला करार संपला की अख्खे अल्बम एका रात्रीत करडे होतात. कधी कलाकार स्वतःच काढून घेतो: गायक नील यंग यांनी जानेवारी २०२२ मध्ये स्पॉटिफायवरून आपलं संगीत काढून घेतलं ते मार्च २०२४ मध्ये परत आलं. तोवर तिथल्या त्यांच्या चाहत्यांनी काय करायचं? ज्यांच्याकडे फाइल किंवा सीडी होती त्यांना काहीच फरक पडला नाही. कधी सेवाच मिटते. आरडिओ २०१५ मध्ये बंद झाली, मायक्रोसॉफ्टची ग्रूव्ह म्युझिक पास २०१७ च्या अखेरीस, गूगल प्ले म्युझिक २०२० मध्ये. शेवटच्या सेवेतल्या लोकांना निदान आपला संग्रह यूट्यूब म्युझिकमध्ये नेता आला.

सेवा निवडताना जाहिरातीतल्या आकड्यांकडे बघू नका. सगळ्या मोठ्या सेवा दहा कोटींहून अधिक गाणी असल्याचं सांगतात, त्यामुळे त्या आकड्यावरून डावं-उजवं ठरतच नाही. त्याऐवजी एक कागद घ्या आणि तुमची वीस-पंचवीस गाणी लिहा. सगळीकडे मिळतील अशी लोकप्रिय नकोत, अवघड लिहा. जुनी, कमी ऐकली जाणारी, विशिष्ट गायकाच्या विशिष्ट मैफलीतली. मग बहुतेक सेवा सुरुवातीला काही दिवस किंवा महिनाभर फुकट वापरून बघायला देतात, त्या मुदतीत ही यादी शोधा. नाव सापडलं म्हणून खूण करू नका, ऐका. पुष्कळदा नाव तेच असतं आणि ध्वनिमुद्रण दुसरंच निघतं: नंतर पुन्हा गायलेलं, दुसऱ्या कुणी गायलेलं, किंवा ‘रीमास्टर’ (जुन्या ध्वनिमुद्रणाची नव्यानं सफाई) करताना इतकं चढवलेलं की मूळचा हळुवारपणाच गेलेला. माझ्या मते सेवा पारखण्याची याहून चांगली कसोटी नाही. देशोदेशीचे करार वेगळे असल्यामुळे एकाच सेवेतली गाणीही देशागणिक बदलतात, तेव्हा परदेशातल्या कुणाच्या शिफारशीवर फार विसंबू नका.

तुम्ही शास्त्रीय संगीत ऐकत असाल तर (पत्रात तसं लिहिलेलं नाही, पण मैफलींच्या सीडी जपणारे बरेचजण ऐकतात) आणखी दोन गोष्टी बघा. एकाच मैफलीचे दोन ट्रॅक लागोपाठ लावले की मध्ये क्षणभर आवाज तुटतो का? आणि शोध कशावरून घेता येतो? नेहमीचे ॲप ‘गाणं, गायक, अल्बम’ या तीन खणांत सगळं कोंबतात. रचनाकार, वाद्यवृंद, संचालक असे शोध त्यांना धड जमत नाहीत. पाश्चात्त्य अभिजात संगीतासाठी ॲपलनं २०२३ मध्ये याच कारणानं वेगळं ॲप काढलं, आणि ॲपल म्युझिकची वर्गणी असेल तर बहुतेक ठिकाणी त्याचे जादा पैसे पडत नाहीत.

भावाचं म्हणणं आवाजाबद्दल आहे. त्यात तथ्य आहे, पण ते तुमच्यापर्यंत पोचतं का हे बघायला हवं. आवाजासाठी दर सेकंदाला किती माहिती पाठवली जाते, हे किलोबिटमध्ये मोजतात. स्पॉटिफायची पैसे भरून मिळणारी नेहमीची वरची पातळी सेकंदाला ३२० किलोबिट, ॲपलची २५६ किलोबिट एएसी. सीडीवरचा आवाज दाबून लहान न करता मोजला तर १,४११ किलोबिट. मूळ ध्वनीतलं काहीही न गाळता पाठवलेल्या आवाजाला लॉसलेस म्हणतात. टायडल आणि कोबझ ही त्या वाटेवरची जुनी नावं. ॲपल म्युझिकनं जून २०२१ मध्ये जादा पैसे न घेता लॉसलेस दिलं. स्पॉटिफाय बरंच मागे राहिलं आणि सप्टेंबर २०२५ पासून हळूहळू देऊ लागलं. म्हणजे भावानं हा फरक काही वर्षांपूर्वी पाहिला असेल तर तो आता बराच मिटला आहे.

पण तुम्ही ऐकता कशावर? ब्लूटूथ हेडफोन असतील तर फोन गाणं पाठवण्याआधी पुन्हा दाबून लहान करतो, मग ते लॉसलेस असो वा नसो. ॲपलनं स्वतःच सांगितलंय की त्यांच्या ब्लूटूथ हेडफोनवर लॉसलेस पोचत नाही. वायरचे चांगले हेडफोन, किंवा ध्वनिसंचाला जोडलेला प्लेअर, तिथेच या चर्चेला अर्थ आहे. आणि तिथेसुद्धा ३२० किलोबिट आणि लॉसलेस यांतला फरक न बघता ओळखणं भल्याभल्यांना अवघड जातं. भाऊ आले की एक प्रयोग करा. तुमच्या ओळखीचं एकच गाणं दोन दर्जांत लावायला सांगा, कोणतं कुठलं ते न सांगता, आणि दोन्हींचा आवाज सारखा ठेवून. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच सरस वाटतो आणि वेगवेगळ्या सेवा गाणी वेगवेगळ्या पातळीवर वाजवतात. पाच-सहा वेळा अदलाबदल करूनही तुम्हाला नेमकं ओळखता आलं, तर भाऊ म्हणतो तसं करा. नाही आलं तर आवाजासाठी सेवा बदलू नका.

त्याआधी तुमच्याच ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन बघा. बरेचदा दर्जा ‘ऑटोमॅटिक’वर असतो आणि नेटवर्क कमजोर असेल तिथे तो गुपचूप खाली उतरतो. वाय-फाय, मोबाइल डेटा आणि डाउनलोड, तिन्हींसाठी वेगळी निवड असते. डाउनलोडसाठी सर्वांत वरची ठेवा. मोबाइल डेटावर ३२० किलोबिटनं तासाला सुमारे १४४ एमबी जातात, लॉसलेसला त्याच्या दुपटीहून जास्त, तेव्हा तिथे हात आखडता घेतलेला बरा.

सीडी देऊन टाकू नका, ताई. निदान आत्ता नको. तुम्ही जे विकत घ्यायला निघालात ते तुमच्याकडे आधीच आहे, आणि लॉसलेस दर्जाचं आहे! पूर्वी केलेल्या एमपी३ कदाचित तेव्हाच्या लहान हार्ड डिस्कमुळे १२८ किलोबिटच्या असतील. त्या आता फ्लॅकमध्ये बदलून काही मिळत नाही. एकदा गाळलेला आवाज परत येत नाही, फाइल तेवढी फुगते. आवडत्या सीडी नव्यानं उतरवा, थेट फ्लॅकमध्ये. विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी नावाचं जुनं, विश्वासू सॉफ्टवेअर आहे. ते ओरखड्यांच्या जागी पुन्हा पुन्हा वाचून बघतं, आणि तीच सीडी उतरवलेल्या इतरांच्या प्रतींशी आपली प्रत ताडूनही बघतं. घरी ‘बर्न’ केलेल्या सीडी आधी हातात घ्या, कारण छापील सीडीपेक्षा त्या लवकर खराब होतात. गायक, वर्ष, अल्बम ही माहिती फाइलमध्येच भरत चला. नंतर शेकडो ‘ट्रॅक ०१’ समोर आले की कंटाळा येतो आणि काम राहून जातं. सगळं झालं की दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातली एक हार्ड डिस्क घराबाहेर, मुलीकडे. उतरवून झाल्यावरही मूळ सीडी जपा. स्वतःसाठी प्रत ठेवण्याची मुभा अनेक देशांत मूळ वस्तू तुमची असण्यावर अवलंबून असते.

हा संग्रह फोनवर ऐकायचा असेल तर इथे सेवांमध्ये खरा फरक दिसतो, आणि तुमच्या बाबतीत निवड यावरच व्हावी असं मला वाटतं. यूट्यूब म्युझिकमध्ये तुमची स्वतःची १,००,००० पर्यंत गाणी चढवता येतात. संगणकावरून चढवायची, मग फोनवर ऐकायची. ॲपल म्युझिकमध्येही तेवढीच मर्यादा आहे, मात्र तिथे तुमची फाइल त्यांच्या साठ्यातल्या गाण्याशी जुळवली जाते आणि त्यात क्वचित दुसरीच आवृत्ती समोर येते. म्हणून मूळ फाइल संगणकावरून कधीही पुसू नका. स्पॉटिफायमध्ये स्वतःच्या फाइल वाजवता येतात, पण त्या कंपनीकडे साठवल्या जात नाहीत, एकेका उपकरणावर न्याव्या लागतात. सीडींचं कपाट असलेल्या माणसासाठी मी पहिल्या दोघांतून निवड करेन. वायरचे हेडफोन वापरत असाल तर लॉसलेससाठी ॲपल म्युझिक, सगळं ब्लूटूथवर असेल तर यूट्यूब म्युझिक. तुमच्या वीस-पंचवीस गाण्यांच्या यादीनं वेगळा कौल दिला तर माझं ऐकू नका, यादीचं ऐका.

विकत घेण्याच्या बाजूनं आणखी एक कारण आहे आणि ते मला फार जवळचं वाटतं. बहुतेक सेवांत सगळ्यांचे पैसे एका ढिगात जमा होतात आणि एकूण किती वेळा काय वाजलं त्या प्रमाणात वाटले जातात. तुम्ही महिनाभर फक्त एकाच गायिकेला ऐकलंत, तरी तुमची वर्गणी तिच्याकडे जात नाही. ती जगभर जे जास्त वाजलं त्याच्याकडे वळते. स्पॉटिफायनं तर २०२४ पासून, मागच्या १२ महिन्यांत निदान १,००० वेळा न वाजलेल्या ट्रॅकला मानधन देणंच थांबवलं. मोठ्या नावांना याची झळ लागत नाही, नव्या आणि वेगळ्या वाटेवरच्या कलाकाराला लागते. बँडकॅम्पवर डिजिटल विक्रीतून कंपनी साधारण १५ टक्के ठेवते, आणि व्यवहाराचं शुल्क गेलं की बाकी कलाकाराकडे किंवा त्याच्या लेबलकडे जातं. तुम्हाला फ्लॅक किंवा एमपी३, हवी ती फाइल मिळते. तुमच्या आवडीचं कुणी तिथे असेल तर पहिली खरेदी तिथूनच करा.

लगेच करायचं ते असं. आहे त्याच सेवेचे एका महिन्याचे पैसे भरा, वर्षाचे नकोत. गाणी परत दिसली की पहिलं काम यादी बाहेर काढण्याचं. साउंडीझ किंवा ट्यूनमायम्युझिक या संकेतस्थळांवरून प्लेलिस्टची यादी साध्या फाइलमध्ये उतरवता येते आणि दुसऱ्या सेवेत नेताही येते. नेताना काही गाणी जुळत नाहीत, काहींच्या जागी भलतीच येतात, म्हणून नंतर एकदा नजर फिरवा. यादी छापून सीडींच्या कपाटात ठेवलीत तरी चालेल.

आणि पुढची वर्गणी मुलीशी बोलून घ्या. स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिक या दोन्हींच्या कुटुंब योजनेत ६ जणांपर्यंत वेगवेगळी खाती मिळतात, त्यामुळे तिची गाणी तुमच्या शिफारशींत मिसळत नाहीत आणि पैसे एकाच कार्डावरून जातात. स्पॉटिफायला मात्र सगळे एकाच पत्त्यावर राहणारे लागतात. मुलगी वेगळी राहत असेल तर ती योजना तुमच्यासाठी नाही. कार्ड कुणाचंही असो, त्याची मुदत कधी संपते ते फोनच्या कॅलेंडरमध्ये टाका, आणि प्रवासाच्या आदल्या दिवशी वाय-फायवर ॲप एकदा उघडून दोन-चार उतरवलेली गाणी विमान मोडवर वाजतात का ते बघा.